बिल न भरता गेलेला माणूस

राहीच्या लेकीचं, सपनाचं लग्न झालं ते दोन हजार चोवीस साल. माघी पुनव नुकतीच सरली होती. सूर्यमाळच्या खालच्या पाड्यावर मांडवाच्या मेढी येऊन पडल्या होत्या, आणि राही अंगणात बसून लग्नाचे तांदूळ पाखडत होती. सोमवार होता. ऊन चढायला लागलं तेव्हा तिचा फोन वाजला.

"पोलीस पाटील बोलताय का?"

"बोलतेय."

"मी नितीन. दवाखान्याचा मॅनेजर. तुमच्या पाड्याचा पेशंट आमच्याकडून पळालाय. जिव्या नावाचा. पहाटे मागच्या दाराने गेला, बिल न भरता. आम्ही पोलिसात अर्ज देतोय. म्हटलं, आधी तुम्हाला सांगावं."

सूप राहीच्या हातातच राहिलं.

"पळाला? त्याला तर धड उभं राहता येत नव्हतं."

"पैसे द्यायची वेळ आली की सगळ्यांना पाय फुटतात, मॅडम," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

जिव्या म्हणजे राहीचा काका, बापाचा पाठचा भाऊ. राहीचे आईबाप लवकर गेले. तेव्हा धाकटा भाऊ हरेश तिच्या कडेवर होता. जिव्याला आणि हिरीकाकीला मूलबाळ नव्हतं. त्यांनी या दोघांना नाचणीची भाकरी घालून वाढवलं, राहीचं लग्न करून दिलं, हरेशला गाडी शिकायला ठाणे शहरात पाठवलं. आता हरेश मोखाडा-जव्हार जीप चालवत होता आणि राही पाड्याची पोलीस पाटील होती. गावात काही बरंवाईट झालं की मोखाड्याच्या पोलीस ठाण्याला कळवायचं, हे तिचं काम. साप चावलेला, झाडावरून पडलेला, भांडणात डोकं फुटलेला, असे कितीतरी तिने कळवले होते. घरातला माणूस कळवायची वेळ ही पहिलीच.

ती उठली आणि तडक काकीकडे गेली.

हिरीकाकी निघायच्या तयारीत होती. शेरडं विकून आलेले पैसे तिने पदराच्या गाठीत बांधले होते.

"काकी, काका दवाखान्यात नाही. पळाला म्हणतात."

म्हातारी उंबऱ्यावर बसली. "कुठं जाईल तो पळून? आन् मला सोडून?"

"मला नीट सांग. पहिल्यापासून."

"पोटात दुखायला लागलं, लोळत व्हता. हरेशनं जीपमंदी घातला. मोखाड्याचा सरकारी दवाखाना मागं गेला, जव्हारचा पण मागं गेला. मी म्हटलं, आरं, हितं का नाय थांबत? तर म्हणला, काकी, हितं गोळी देऊन परत पाठवतात. पुढं रस्त्याला माझ्या वळखीचा मोठा दवाखाना हाय."

"रेशनकार्ड दाखवलं होतं ना? त्यावर फुकट होतं."

"दाखवलं की. तो नितीन म्हणला, या दुखण्याला योजना लागत नाय, पैसे भरा. व्हते तेवढे भरले. शनवारी सलाईन काढली. म्हणले, आधी पैसे, मग औषध. मी म्हटलं, तर मग द्या माझा माणूस, घरी नेते. तर म्हणले, बिल भरल्याबिगर माणूस सोडत नाय. त्याला मागल्या खोलीत टाकला आन् मला हाकलली, पैसे आण म्हणून."

"अंगावर काय होतं काकाच्या?"

"निळी चड्डी, बंडी. लाल ब्लँकेट. करदोट्याला त्याची चुन्याची पितळी डबी." काकीने डोळे पुसले. "करदोटा मीच बांधला दिवाळीला. नवा बांधला, मगच जुना सोडला. पुरुषाची कंबर उघडी राहू नये."

तेवढ्यात हरेशची जीप वर आली. हरेश उतरला तो हसतच.

"काय गो बाय, मांडवाचं काम टाकून हितं काय करतेस?"

"काका पळाला दवाखान्यातून."

"ते मला ठावं हाय. मला भेटला की सकाळी."

काकी ताडकन उठून उभी राहिली. "भेटला? कुठं रं?"

"जव्हारच्या अलीकडं. रस्त्याच्या कडंनं चालला व्हता. मी गाडी थांबवली. म्हणला, घरी येत नाय, बिलवाले दारात येतील. साखरशेतला जातो फागीकडं, थोडं दिवस राहतो."

"आणि तू सोडलंस त्याला?" राही म्हणाली.

"गाडीत भाडं भरलेलं, बाय. आन् काकाचा हट्ट तुला ठावं नाय काय?"

"दिसत कसा होता?"

"चांगला की! करदोट्याची डबी काढली, तंबाखूला चुना लावला, मला पण दिली चिमूट. वर मला म्हणतो, तुझी जीप माझ्या म्हशीपरास हळू चालते."

हिरीकाकी हसली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती हसत होती. "तंबाखू मळतोय म्हणजे बरा हाय. मेला, मला तेवढा निरोप तरी द्यायचा!"

पण जिव्या साखरशेतला पोचला नाही. राही स्वतः जाऊन आली. त्याची बहीण फागी उंबऱ्यातच बसली होती. "आला नाय गो. निरोप मिळाला म्हणून मी काल भात जास्त शिजवला, वाट बघितली." मग पाड्यावरची माणसं निघाली. रस्त्याकडेचे ओहळ पाहिले, करवंदीच्या जाळ्या पाहिल्या, विहिरींत गळ टाकले. माणूस नाही, ब्लँकेट नाही, चप्पल नाही.

हिरीकाकीने जेवण सोडलं. राही समजवायला गेली तर म्हातारी तिच्याकडे बघत राहिली.

"पोरी, तू पोलीस पाटील हाईस. मला एवढंच सांग. कुंकू ठेवू का पुसू?"

राहीने तिच्यापुढे भाकरीचं ताट सरकवलं.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. तीन मजली, नवा रंग दिलेला. दारातच सरकारी योजनेचा मोठा फलक होता. गरिबांना मोफत उपचार, खाली हसणारं कुटुंब. नितीन त्याच फलकाखाली टेबल मांडून बसला होता. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा वास.

"मॅडम, पैसे आणलेत?"

"आधी खोली दाखवा."

मागच्या बाजूला, सामानाच्या खोलीला लागून, एक अंधारी खोली होती. एक लोखंडी खाट. खिडकीला जाळी. एक बाई फरशी पुसत होती. तिने राहीच्या लुगड्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"इथून पळाला?"

"इथूनच."

राहीने दार ओढून पाहिलं. "कडी बाहेरून आहे."

नितीनने डोळे बारीक केले. "आया लावायला विसरली असेल."

"म्हणजे रोज लावत होती."

"पेशंटच्या सुरक्षेसाठी."

"वरच्या वॉर्डातल्या दारांना तर बाहेरून कडी नाही. त्यांना सुरक्षा नको का?"

"तुम्ही पोलीस पाटील आहात की वकील?"

"बिलासाठी माणूस अडकवता येत नाही, एवढं आम्हाला ठाण्याच्या बैठकीत सांगितलंय. त्याला वकील लागत नाही. बरं, काकाला इथे आणणाऱ्या माझ्या भावाला ओळखता ना? हरेश. जीपवाला."

"कोण हरेश?" नितीन म्हणाला. "दिवसाला दहा जीपवाले येतात. मी कुणाला ओळखत नाही."

राही परत निघाली. वाटेत तिच्या मनात एकच येत होतं. हरेश तर म्हणाला होता, माझ्या ओळखीचा दवाखाना. एवढी ओळख एकाच बाजूने कशी?

पण तिने तो विचार झटकला. भाऊ होता तो. फुशारकी मारायची त्याला लहानपणापासून सवय.

लग्न थांबवता येत नव्हतं. तिथी ठरलेली, पाहुणे विटभट्टीवरून सुट्टी घेऊन आलेले. हिरीकाकी स्वतः म्हणाली, "लेकीचं लगीन मोडू नको. माझा माणूस मेलेला थोडाच हाय? हरेशनं त्याला पाह्यलाय."

हळद झाली, ढोल वाजले. नवरीला मांडवात उचलून आणायचं काम मामाचं. सपनाला एकच मामा. ती सजून बसली होती आणि मामाचा पत्ता नव्हता.

हरेश मांडवाच्या बाहेर, जीपजवळ उभा होता.

"मामा, भाचीचं वजन झेपत नाय काय?" बायका ओरडल्या.

"भाकरी कमी पडल्या त्याला, बायको उपाशी ठेवते!"

हरेश हसला पण जागचा हलला नाही. "ताप हाय मला. लहान्याला सांगा."

राही धावत गेली. "अरे, सकाळपासून ती मामा मामा करतेय!"

"नाय जमत, बाय. खरंच ताप हाय."

राहीने त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ थंडगार होतं. हरेशने मान बाजूला घेतली.

शेवटी लहान्याने, भावकीतल्या पोराने, सपनाला उचलून आणलं. अक्षता पडल्या. हरेशने त्या हातात घेतल्याही नाहीत. जेवणही त्याने जीपच्या बाजूला, एकट्याने पानावर घेतलं.

राही वाढायला गेली तर हरेशची बायको पुष्पा चुलीशी बडबडत होती.

"ताप नाय यायचा तर काय? त्या सोमवारी सूर्य उगवायच्या आत घरी आला. दारात उभा, आत पाऊल टाकंना. म्हणला, पाणी बाहेर आण. त्या थंडीत डोक्यावरनं घेतलं! अंगावरचे कपडे पण तिथंच धुतले. दारूची उलटी केली असंल, दुसरं काय."

राहीने डाव भांड्यात सोडला.

वरात निघायच्या वेळी नवऱ्याकडे द्यायच्या सामानातला एक नारळ जीपमध्ये घरंगळला आणि मागच्या बाकाखाली गेला. राही वाकली, हात घातला. नारळाआधी दुसरंच काही हाताला लागलं. काळा गोफ. त्याला बांधलेली चुन्याची पितळी डबी.

गाठ तशीच होती. दोरा दुसऱ्याच ठिकाणी तुटला होता, आणि तुटल्या जागी धागे विस्कटलेले होते.

ती बाकावर तशीच बसून राहिली. बाहेर बायका सपनासाठी रडत होत्या, त्यांच्यात आई नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"बाय, काय करतेस आत?" हरेश दारात आला.

तिने मूठ उघडली. "हा काकाचा ना?"

हरेशने गोफाकडे पाहिलं. मग पटकन बोलला. "हां, तो व्हय! दवाखान्यात पहिल्याच दिवशी नर्सनं कापून मला दिला. पोटाला मशीन लावायची व्हती. मी गाडीत टाकला आन् विसरलो बघ."

"बरं," राही म्हणाली. तिने गोफ आपल्या कमरेला खोचला आणि लेकीला निरोप द्यायला बाहेर आली.

त्या दिवशी ती रडली ते सपनासाठी, असं सगळ्यांना वाटलं.

मोखाड्याच्या आठवडी बाजारात तिला नवशी भेटली. दवाखान्यात फरशी पुसणारी तीच बाई. मोखाड्याजवळच्या पाड्यावरची, आपल्यातलीच. सुकी मासळी निवडत होती.

"नवशी, एकच विचारते. जिव्याचा करदोटा तुम्ही कापला होता का, मशीनसाठी?"

नवशीने हातातली मासळी ठेवली. "नाय गो बाय. मी व्हते ना तिथं. नुसता वर सरकवला. आपल्या माणसाचा करदोटा मी कापू देईन? त्याची बायको मला शिव्या घालेल."

"शेवटचा कधी पाहिलास तो कमरेला?"

"रविवारी सांजेला."

"डबीसकट?"

"डबीसकट."

"त्यानंतर?"

नवशीने बाजारात इकडेतिकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "मला नोकरी हाय, बाय. दोन पोरं हायेत."

"इथे नको बोलूस," राही म्हणाली. "काकीच्या अंगणात बोल. ती कुंकू ठेवू का पुसू म्हणून बसलीय. तिला तरी बघ."

मग राहीने नितीनला फोन लावला. "साहेब, पैसे जमलेत. काकी म्हातारी आहे, तिला येववत नाही. तुम्ही पाड्यावर या."

"येतो," नितीन आनंदाने म्हणाला. "रस्ता कसा आहे?"

"खालच्या वळणापर्यंत तुमची गाडी येईल. पुढे जीपच लागते."

हिरीकाकीच्या अंगणात दुपारी जीप आली. चालवत होता हरेश. शेजारच्या सीटवर नितीन, मांडीवर बॅग.

राही खाटेवरून उठली. "या. काय हो साहेब, ओळख नसलेल्या माणसाचा नंबर बरा सापडला?"

नितीन उतरता उतरता थांबला. हरेशने बहिणीकडे पाहिलं, मग अंगणाकडे. काकी ओट्यावर बसली होती. तिच्या बाजूला नवशी, पदर तोंडाशी घेऊन. घरातून मोखाडा ठाण्याचे हवालदार गावित बाहेर आले आणि दारातच उभे राहिले.

"पैसे कुठे आहेत?" नितीनने विचारलं.

"आधी हिशोब," राही म्हणाली. "बसा."

कुणी बसलं नाही.

राहीने कमरेचा गोफ काढून खाटेवर ठेवला. हिरीकाकीने तो पाहिला आणि डबी ओळखली.

"हरेश, हे तुझ्या गाडीत मिळालं. तू म्हणालास, पहिल्याच दिवशी नर्सने कापून दिलं. असं म्हणालास ना?"

"व्हय."

"आणि सोमवारी सकाळी काका तुला रस्त्यात भेटला. करदोट्याची डबी काढून त्याने चुना लावला. हेही तूच म्हणालास. पहिल्या दिवसापासून डबी तुझ्या गाडीत होती, तर सोमवारी काकाने कुठली डबी काढली?"

हरेशने डबीवरून नजर काढून काकीकडे पाहिलं.

"खोटं बोलताना माणूस जास्त बोलतो," राही म्हणाली. "नुसता भेटला म्हणाला असतास तर मी मानलं असतं. पण तुला काकीला हसवायचं होतं. म्हणून तंबाखू घातलास, म्हैस घातलीस."

"दुसरी डबी असंल..."

"दोऱ्याकडे बघ. कात्रीने कापला तर टोक साफ येतं. हा हाताने तोडलाय. जित्या माणसाचा करदोटा आपल्यात कोण हाताने तोडतो? सांग. नवा बांधल्याशिवाय जुना कुणी सोडत नाही. तोडतात तो फक्त मेलेल्याचा. मातीत घालायच्या आधी, घरचा पुरुष तोडतो."

हिरीकाकीचा हात कपाळाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"हे सगळं बकवास आहे," नितीन म्हणाला. "कसला दोरा, कसली डबी! दवाखान्याचा माणूस तो दोरा कापूही शकतो, तोडूही शकतो."

"हाच प्रश्न मी मला विचारला, साहेब. तुमच्या माणसाने तोडला असता तर कचऱ्यात टाकला असता. ज्याने तोडला त्याला तो तोडायलाच हवा होता. करदोट्यासकट काकाला मातीत घालणं त्याला जमलं नाही. म्हणजे तो आपल्यातला होता. आणि घरातला होता."

ती हरेशकडे वळली. आता तिचा आवाज खाली आला.

"सोमवारी पहाटे तू घरी आलास. पुष्पाला वाटलं तू दारू प्यायलास. तू दारात उभा राहून पाणी मागितलंस, डोक्यावरून घेतलंस, कपडे बाहेरच धुतलेस. मढं पोचवून आलेला माणूस असाच घरात येतो. मग सपनाचं लग्न आलं. तुझं कपाळ थंड होतं, आणि तू ताप सांगितलास. मांडवात पाऊल नाही टाकलंस. अक्षतांना हात नाही लावलास. भाचीला शिवला नाहीस. का?"

हरेश जीपच्या दाराला टेकला.

"सुतक कळल्यावर लागतं," राही म्हणाली. "आम्हाला कुणाला कळलं नव्हतं, म्हणून आम्हाला नव्हतं. आम्ही नाचलो, गोड खाल्लं. काका मेला हे पाड्यात एकाच माणसाला माहीत होतं. ज्याने सुतक पाळलं, त्यालाच. तुला भाचीच्या संसाराला विटाळ होऊ द्यायचा नव्हता. माया होती रे तुझी तिच्यावर. त्या मायेनेच तुला पकडून दिलं."

"नवशी," हवालदार गावित म्हणाले, "तुझं तू सांग."

नवशीने पदर काढला. "रविवारी सांजेला मी पाणी द्यायला गेले. दोन दिवस त्याला औषध नव्हतं. पोट फुगलं व्हतं. कडी काढली, हाक मारली, बोलला नाय. अंग गार. करदोटा, डबी, समदं अंगावर व्हतं. मी या साहेबाला सांगितलं. म्हणला, झोपलाय तो, तू घरी जा. जाताना मला दारात हरेशची जीप दिसली."

"खोटं बोलते ही!" नितीन ओरडला. "आणि समजा मेला, तर आम्ही का लपवू? पेशंट मरतात दवाखान्यात."

"मरतात," राही म्हणाली. "पण बाहेरून कडी लावलेल्या खोलीत, सलाईन काढलेले, रेशनकार्ड असून पैशांसाठी अडवलेले मरत नाहीत. मेला म्हटलं असतं तर डॉक्टर आले असते, पोट उघडून बघितलं असतं, ही खोली बघितली असती, दारातला फलक बघितला असता. पळाला म्हटलं की सगळं मिटलं. वर बिलही उरलं. पळालेल्याचं बिल त्याच्या बायकोकडून घ्यायला तुम्ही आज एवढे वर चढून आलात."

नितीनने बॅग छातीशी धरली. "नेला याने! मी नाही नेला. याला विचारा."

तेव्हा हरेश बोलला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता.

"पेशंटमागं मला पैसे द्यायचे हे. सरकारी दवाखान्यात नेला तर काय मिळतं? मी आधी पण नेलेत, बरी होऊन आलीत माणसं. काकाला पण बरं करतील वाटलं. रविवारी मी भाडं सोडून तिथं गेलो तर हा म्हणला, तुझा पेशंट मेला. तूच आणलास, पैसे तूच खाल्लेस, पोलीस पहिलं तुला धरतील. पाड्यावर सांगेन म्हणला. घेऊन जा, आन् पळाला म्हण."

"आणि तू नेलास," राही म्हणाली.

"पहाटे नेला. टाकला नाय, बाय, आईशप्पथ. बाबाच्या शेजारी मातीत घातला. मोहाच्या झाडाखाली. समदं केलं मी. एकट्यानं."

हिरीकाकी ओट्यावरून उतरली. सावकाश चालत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. हरेश तिच्यापेक्षा हातभर उंच, पण त्याने मान एवढी खाली घातली की दोघं सारखी झाली.

"डोकं कुठं केलंस त्याचं?"

"दक्षिणेला, काकी."

"तोंडात पाणी घातलंस?"

"घातलं."

"मेल्यावर घातलंस," हिरीकाकी म्हणाली. "त्या खोलीत दोन दिवस पाणी पाणी करत असंल, तवा तू कुठं व्हतास रं? तुला मी या हातानं भरवलाय."

हरेश तिच्या पायावर पडायला वाकला. तिने पाय मागे घेतले.

नितीन जीपकडे सरकत होता. गावितांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चला साहेब. आता आमच्या गाडीने. तिला बिल लागत नाही."

मग ते राहीकडे वळले, आणि जरा थांबून म्हणाले, "पाटीलबाई, खबर कुणाच्या नावाने लिहू? सख्खा भाऊ आहे तुमचा. दुसऱ्या कुणाच्या नावाने घेतली तरी चालेल."

राहीने हरेशकडे पाहिलं. कडेवर घेऊन फिरवलेला हाच. नदीवर नेताना पाठीवर झोपायचा. काकाच्या ताटातला मोठा घास नेहमी यालाच मिळायचा, आणि तिने कधी तक्रार केली नव्हती. तिला वाटलं होतं, नितीनसारखी माणसं परकी असतात, त्यांच्यापासून राखायचं. राखण करणाराच विकून मोकळा होईल, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

"माझ्याच नावाने लिहा," ती म्हणाली.

पुष्पाला कुणीतरी बोलावून आणलं होतं. ती अंगणाच्या कडेला उभी राहून नवऱ्याला नेताना बघत होती. तिने हाक मारली नाही, त्यानेही वळून पाहिलं नाही.

मोहाखालची माती तहसीलदारांसमोर उकरली. डॉक्टरांनी तपासलं. आतडं फुटून पोटात पू झाला होता. औषध चालू असतं आणि वेळेवर पुढे पाठवलं असतं तर माणूस वाचला असता, असं त्यांनी सांगितलं. त्या दुखण्याला सरकारी योजना लागू होती, हेही सांगितलं. दवाखान्याच्या दारातला फलक काढला गेला. खटला उभा राहिला आणि तो अजून चालू आहे. हरेश ठाणे शहरातल्या तुरुंगात आहे. राही त्याला भेटायला एकदाही गेली नाही.

हरेशला नेलं त्याच दिवशी हिरीकाकीने कुंकू पुसलं. जिव्याला पुन्हा मातीत घातलं, या वेळी साऱ्या पाड्यासमोर. मग राही ग्रामपंचायतीत नोंद द्यायला गेली. ग्रामसेवकाने विचारलं, तारीख कुठली घालू? दवाखाना तर म्हणतो सोमवारी तो जिवंत होता, चालत गेला.

राहीने त्याला दोनदा सांगितली, चूक होऊ नये म्हणून.

जिव्या रविवारी, पंचवीस फेब्रुवारी दोन हजार चोवीस रोजी, संध्याकाळी वारला.